मागचा तानपुरा

१

जेवणं उरकली, गंगाधरपंतांना कुशीवर वळवून पाठीला पावडर लावली, की क्षमाबाई पदराला हात पुसत कॉम्प्युटरपुढं बसत. हा कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा, पुण्याच्या सौमित्रचा. स्वतःला नवा घेतल्यावर जुना त्यानं आईकडं सांगलीला आणून टाकला होता. साल अठ्ठ्याण्णव. गल्लीत कॉम्प्युटर होते ते दहावी-बारावीच्या पोरांसाठी. साठी उलटलेल्या बाईनं माऊस धरलेला कुणी पाहिला नव्हता. क्षमाबाईंनी कुणाला विचारलंही नाही. सातवीला शाळा सुटली ती सुटली, पुढचं सगळं त्या अशाच शिकल्या होत्या. गाणं रेडिओला कान लावून, पोहणं भावानं कृष्णेत ढकलल्यावर, आणि इंग्रजी औषधांच्या बाटल्या वाचून वाचून. "यंत्राला काय कळतंय समोर बाई बसलीय का बाप्या," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं होतं.

काम एकच होतं. तानपुरा.

दिवाळीनंतर गंगाधरपंतांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणल्यापासून ते आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर पडून असत, आणि डोळा लागायचा तो फक्त तानपुरा ऐकता ऐकता. क्षमाबाई खाटेशी बसून छेडायच्या. पण सांधे धरलेले, बोटं लगेच आखडायची, आणि तिकडं कुकर, धुणं, शेगडीवरचं शेकायचं पाणी सगळं खोळंबून राहायचं. म्हणून तानपुरा कॉम्प्युटरात भरून घ्यायचं त्यांनी ठरवलं. माइक लावला, मिनिटभर छेडला, आणि तेच मिनिट फिरून फिरून वाजत राहील अशी सोय केली.

वाजलं खरं, पण ऐकवेना. तापल्या तव्यावर मीठ तडतडावं तशी खरखर. त्यात तारेचा आवाज विरत विरत जायचा सोडून मध्येच तुटायचा, जिन्याची शेवटची पायरी नसावी आणि पाय हवेत पडावा तसा. आतल्या खोलीत गंगाधरपंतांनी तोंड फिरवलं. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, पण नापसंती त्यावर पूर्वीसारखीच उमटली.

२

रविवारी सौमित्रचा फोन आला.

"कुठल्या क्वालिटीत घेतलंस, आई? टेलिफोन, रेडिओ, सीडी अशी नावं असतील बघ."

"टेलिफोन दिसतंय."

"मग टेलिफोनसारखंच वाजणार. ते आठ बिट असतं."

"म्हणजे काय ते नीट सांग. मला इंजिनीअर करू नकोस, पण येडीही समजू नकोस."

सौमित्र हसला. "पायऱ्या समज. आवाज किती मोठा, किती लहान हे यंत्र पायऱ्यांनी मोजतं. आठ बिटात पायऱ्या थोड्या आणि उंच. सोळा बिटात हजारो, अगदी बारीक बारीक. पहिल्या पायरीपेक्षा बुटका आवाज असला की तो खालीच राहतो. मोजलाच जात नाही."

"म्हणजे बारीक आवाज मरतात."

"मरत नाहीत, जन्मतच नाहीत. तू सीडीवर ठेव, सोळा बिट कर, आणि परत रेकॉर्ड कर."

"परत कशाला? आहे तेच चढवते की वर. इथं कन्व्हर्ट असं लिहिलंय."

"त्यानं काय होणार? जे आलंच नाही ते नंतर कुठून येईल?"

"तार उतरली की खुंटी पिळून चढवतोच ना आपण? तार तीच, भोपळा तोच."

"तार जिवंत असते गं. ही फाईल आहे." तो परत हसला.

आपल्याला कुणी हसलेलं क्षमाबाईंना खपत नसे. त्यांनी फोन ठेवला. गाण्यातली माणसं अशाच ठिकाणी चुकतात. सगळ्या वस्तू सुरात लावता येतात असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांनी जुनी फाईल आहे तशी ठेवली, तिचीच दुसरी प्रत काढली, तिच्यापुढं आठ होते तिथं सोळा केले आणि होय म्हटलं. यंत्र थोडा वेळ गुरगुरलं.

३

खरखर होती तशीच होती. सौमित्रचं बरोबर ठरणार म्हणून क्षमाबाईंचं तोंड कडू झालं. पण उठता उठता त्या थांबल्या.

आवाज आता तुटत नव्हता. चारही तारा ओळीनं येत होत्या. पंचम, जोड, जोड, खर्ज. खर्जाची तार वाजून लांब, लांब जात होती, गावाबाहेर पडणाऱ्या गाडीसारखी. आणि ती अगदी दिसेनाशी होण्याच्या जागी आणखी काही होतं. क्षमाबाईंनी पंखा बंद केला. बाहेर दुपार उभी होती, बाजाराकडून हळदीचा वास येत होता, आणि सगळी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी गप्प होती. त्यांनी कान स्पीकरला टेकवला.

दुसरा तानपुरा.

सूर तोच, पण हात वेगळा. क्षमाबाईंचा हात घड्याळासारखा, एकसारखा. हा हात खर्ज छेडून झाल्यावर जरा थांबत होता. एक श्वास घ्यायचा, आणि मग पंचम. असा थांबा घेणारा एकच माणूस त्यांना माहीत होता, आणि तो आतल्या खोलीत उजवा हात पोटावर टाकून झोपला होता.

सातारला असताना गंगाधरपंत पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते आणि क्षमाबाई गणपतीत, नवरात्रात, कुणाच्या एकसष्टीला गायच्या. साथीला कोण मिळणार? गंगाधरपंत तानपुरा घेऊन मागं बसायचे. वाईला एकदा हंबीरराव नावाच्या एका बड्या असामीनं भर मैफलीत विचारलं, "काय पंत, बायकोच्या मागं बसता?" गंगाधरपंत म्हणाले, "पुढं बसलो तर गावं लागेल हो." लोक खो खो हसले. हंबीररावही हसले. क्षमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या षड्ज लावून बसल्या होत्या. गाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही, ही रीत. मागच्यावर भरवसा नाही असा त्याचा अर्थ होतो. आणि गाणारा थांबेपर्यंत मागच्यानं थांबायचं नाही, हीही रीत. तीस वर्षं त्या माणसाचा चेहरा गाताना त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण तो थांबा त्यांच्या पाठीला पाठ होता.

भिंतीवरून आवाज उलटला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. एका तारेनं दुसरी तार बोलते, तसलं काही असेल. उजवा स्पीकर काढून बघितला, डावा काढून बघितला. आठ बिटांची जुनी फाईल लावली: एकच तानपुरा, तुटका, खरखरता. सोळाची लावली: दोन. जे आलंच नाही ते कुठून येईल, असं पोरगा म्हणाला होता. बरं, ज्या दुपारी रेकॉर्ड केलं त्या दुपारी घरात दुसरा तानपुराही नव्हता. तो सातारा सोडतानाच विकला होता.

४

दिवस कलायच्या आधी शेजारची गुणमाला यायची. माहेर पलूसकडचं, अंगानं दणकट, आणि गंगाधरपंतांची कूस बदलायला दोन माणसं लागायची. कामाला हात लावला की ती घाई करी, कारण दिवस बुडायच्या आत तिला घरी जाऊन जेवायचं असे. जैनांचं घर, त्यांच्यात अंधार पडल्यावर अन्न शिवत नाहीत.

त्या दिवशी ती दारातच चप्पल काढता काढता म्हणाली, "आज दोघंबी बसला व्हय काकू?"

"कोण दोघं?"

"आवं, तुमी आणि काका. भिंतीपलीकडनं ऐकतीया की मी. ह्यो तुमचा तानपुरा, आणि ह्यो मागनं येतोय त्यो काकांचा. दमानं वाजवत्यात ते."

"गुणमाला, काका पडून आहेत सहा महिने."

"ते बी खरंच की," ती म्हणाली आणि तिला त्यात काही अडलेलं दिसलं नाही. कॉम्प्युटरकडं मान वाकडी करून तिनं बघितलं. "मग ह्यात भरलं असंल." आणि आत गेली. आतून तिची हाक आली. "काकू. हिकडं या. हात बघा."

गंगाधरपंतांचा उजवा हात, जो उचलून ठेवावा तिथं पडून राहायचा, तो चादरीवर सरकत होता. मधलं बोट, मग तर्जनी, तर्जनी, तर्जनी. मग जरा विसावा. मग पुन्हा मधलं बोट.

क्षमाबाई खाटेच्या कडेवर बसल्या.

५

मिरजेहून व्यायाम घ्यायला येणारा माणूस म्हणाला, "छान आहे, बाई, फारच छान. जे करताय ते चालू ठेवा." क्षमाबाईंना दुसरं सांगायला नको होतं. त्यांना तो हात परत हवा होता. हात आला की माणूस उठेल, माणूस उठला की घर उठेल. सकाळी दूध तापवायच्या आधी त्या कॉम्प्युटर लावत आणि दिवस मावळेपर्यंत तो वाजत राही. घरात सारखं सूर आणि ऊन भरलेलं असे. भाजी चिरता चिरता त्यांची सुरी त्या लयीत पडे. कधी कधी आपण कुठल्या गावात आहोत, सातारला का सांगलीला, हेच त्यांना पटकन आठवत नसे, आणि न आठवणं बरं वाटे.

हात सुधारत गेला. आता बोटं चादरीवरून उचलून हवेत चालत. चेहऱ्याचा वाकडेपणा ओसरला.

पहिल्यांदा क्षमाबाईंना चुकल्यासारखं वाटलं ते खाटेचं. लोखंडी खाट, नुसता हात टेकला तरी करकरायची. गंगाधरपंतांना वळवताना ती गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची. ती करकरली नाही. तेल घातलंय का कुणी, असं म्हणून त्यांनी बिजागऱ्या बघितल्या. कोरड्या होत्या.

मग खोकला. तो ऐकल्याला बरेच दिवस झाले होते. तब्येत सुधारली, दुसरं काय. मग घास भरवताना चमचा दाताला लागला आणि त्याचा आवाज आला नाही. चमचा स्टीलचा, दात त्यांचे स्वतःचे. क्षमाबाईंनी चमचा वाटीवर आपटला. टण्ण वाजला. परत त्यांच्या दाताला लावला, जरा जोरानंच. काही नाही. गंगाधरपंत त्यांच्याकडं बघून हसले, लहान मुलाच्या खेळाला हसावं तसे.

"काकू," कूस बदलताना गुणमाला म्हणाली, "आज तुमी सोडा, मी एकलीच वळवती. काका लय हलकं झाल्यात. उशी तेवढी उचलल्यावानी वाटतंय." मग तिनं उशीकडं बघितलं.

क्षमाबाईंनीही बघितलं. डोकं उचललं होतं त्या जागी उशी सपाट होती. खळगा नव्हता.

बाहेरच्या खोलीत दुसरा तानपुरा आता कान न लावताही ऐकू येत होता. तारेआधी, बोट तारेवर टेकतानाचा तो बारीकसा कातड्याचा आवाज. बसण्यातला, मांडी बदलण्यातला. घसा साफ केल्याचा. एक खोकला, ओळखीचा.

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ बिटांची फाईल लावली.

तडतड, खरखर, तुटके सूर. क्षमाबाई खाटेशी उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. आधी हात थांबला, मग पडला. तोंड पुन्हा ओघळलं. दुपारच्या सुमारास गंगाधरपंतांना खोकल्याची उबळ आली आणि खाट अशी करकरली की क्षमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नवऱ्याचं डोकं उचलून छातीशी धरलं. जड होतं, भरल्या घागरीसारखं. असं जड डोकं त्यांनी जन्मात कधी इतक्या प्रेमानं धरलं नव्हतं.

म्हणजे हिशेब सरळ होता. हात हवा तर माणूस जातो. माणूस हवा तर हात मरतो. त्यांचं डोकं अजून म्हणत होतं, बाई, तुझी झोप होत नाही, तू दमलीयस, खाटेला आवाज येतो किंवा येत नाही, लोखंडाची तऱ्हा आहे ती. डोक्याला म्हणू दे. त्यांनी ठरवून टाकलं. सोळाची फाईल लावायची नाही. पुसायचीही नाही, कारण तिच्यात किती काय गेलंय कुणास ठाऊक.

चार दिवस गंगाधरपंत कॉम्प्युटरच्या दिशेनं बघत पडून राहिले. घास तोंडात तसाच ठेवायचे. गुणमाला म्हणाली, "रुसल्यात काका." क्षमाबाई म्हणाल्या, "रुसू देत. चाळीस वर्षांत कधी रुसायला मिळालं नाही त्यांना, मीच रुसायचे."

पाचव्या दिवशी दुपारी त्या कूस बदलायला वाकल्या तेव्हा त्यांच्या कानाशी आवाज आला. घोगरा, सहा महिने न वापरलेला.

"लाव."

क्षमाबाई ताठ झाल्या. एवढ्या महिन्यांत पहिला शब्द, आणि तो हा.

"नाही लावणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळतंय तुम्ही कुठं निघालाय ते? मला कळत नाही, पण तुम्हाला कळतंय, तोंडावर दिसतंय तुमच्या. आणि मीच बटण दाबून वाटेला लावायचं? एवढा स्वार्थी माणूस नव्हता हो तुम्ही."

गंगाधरपंतांनी नजर बाहेरच्या खोलीकडं, कॉम्प्युटरवर नेली.

"मागं बसायचंय? मागं बसायला पुढं कोणी असावं लागतं. गाणार कोण? मी? दिवाळीपासून तोंडातून सूर नाही काढलेला."

गंगाधरपंतांनी डावा हात उचलला. तो बरा होता. क्षमाबाईंच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना हळूच वळवलं, पाठ आपल्याकडं होईल असं. पूर्वी मैफलीआधी गर्दीतून वाट काढताना वळवायचे, तसं. आणि पाठीवर बोट टेकून पुढं ढकललं, बाहेरच्या खोलीकडं.

त्या हाताचं वजन क्षमाबाईंना कळलं. अजून होतं ते वजन.

७

त्यांनी सतरंजी घातली. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं. सोळा बिटांची फाईल लावली आणि कॉम्प्युटरकडंही पाठ करून, खिडकीकडं तोंड करून बसल्या. उन्हं तिरकी झाली होती. पडदा आत येत होता, बाहेर जात होता.

षड्ज लागला तो फाटका. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्या वेळी मागून दोन्ही तानपुरे त्याच्याखाली आले आणि त्यांनी तो उचलून धरला. क्षमाबाईंनी भीमपलास धरला. घाई नव्हती. गंधार मऊ लागला, निषाद थोडा वर, आणि त्या गात गेल्या. मिरजेकडं कुठंतरी गाडीची शिट्टी झाली आणि सुरातच मिसळली.

मग लाईट गेली.

उन्हाळ्यात ती अशी कधीमधी जायचीच. पंखा मंद होत होत थांबला. कॉम्प्युटर टक्कन बंद झाला आणि त्याच्याबरोबर ती खरखर, ते मीठ तडतडणं गेलं. क्षमाबाईंचा स्वतःचा तानपुरा, यंत्रातला, तोही गेला.

एक राहिला.

तो आता स्पीकरच्या उंचीवर नव्हता. खाली, सतरंजीच्या पातळीवर, त्यांच्या उजव्या खांद्याच्या जरा मागं होता. पंचम, जोड, जोड, खर्ज. थांबा. त्या थांब्यात कुणीतरी श्वास घेतला, आणि तो श्वास त्यांच्या मानेला लागला. क्षमाबाईंचा सूर हलला नाही. आतल्या खोलीतून खाटेचा आवाज येतो का, म्हणून त्यांचा एक कान तिकडं होता. तिकडून काहीच येत नव्हतं, रिकाम्या खोलीतून येतं तेवढंही.

फाटकाची कडी वाजली. "काकू, लाईट गेली न्हवं, म्हनून मेणबत्ती—" म्हणत गुणमाला दारात आली आणि थबकली. क्षमाबाईंनी गाता गाता तिच्याकडं बघितलं. समोरच्याकडं बघायला मुभा असते. गुणमालेची नजर आधी आतल्या खोलीच्या दारातून खाटेवर गेली. तिथं थोडी थांबली. मग तिथून निघून, जमिनीवरून आल्यासारखी हळूहळू बाहेर आली आणि क्षमाबाईंच्या खांद्याच्या मागं, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याइतक्या उंचीवर येऊन टेकली.

ती ओरडली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, वडीलधाऱ्यासमोर करतात तसा, आणि उंबऱ्याशी मेणबत्ती मांडीत धरून बसली.

आता नुसतं थांबायचं आणि मान वळवायची. एवढंच. तीस वर्षं न पाहिलेला तो गातानाचा चेहरा असेल तिथं, किंवा नसेल. क्षमाबाईंची मान दुखायला लागली, इतकी ती वळायला बघत होती.

घसा कोरडा पडला होता. ऊन भिंतीवरून उतरून सतरंजीच्या कडेला आलं, मग तेही गेलं. गुणमालेची जेवणाची वेळ टळून चालली होती, तरी ती उठत नव्हती. क्षमाबाईंनी तार षड्ज घेतला, सोडला, मंद्रात उतरल्या, पुन्हा वर निघाल्या. दम पुरत नव्हता. दोन सुरांमध्ये त्या श्वास घेत, आणि त्या पोकळीत दर वेळी त्यांचं काळीज थांबून ऐके: खर्ज गेला, आता पंचम येतो का.

येत होता.

त्या गायच्या थांबेपर्यंत तो येणार होता. म्हणून त्या थांबत नव्हत्या.